टू मध्ये दोन अक्षरं टाकली की उगवणारे जुने मेल आयडी: कुठं साठतात आणि कसे आवरायचे

मेल लिहायला घेतला, टू च्या रकान्यात नुसतं 'सुनी' एवढंच टाइप केलं, खाली चार नावं उगवली, त्यातलं पहिलं एंटर मारून घेतलं, फाइल जोडली आणि सेंड. चूक व्हायला एवढं पुरतं. माझ्याकडून झालीय. मी सांगलीला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते, जुलै महिना म्हणजे आमची सुगी, ३१ तारखेच्या आत रिटर्न भरायचे असतात आणि दिवसाला साठसत्तर मेल जातात, अशा गडबडीत एका पाटलांचा फॉर्म १६ आणि पॅनची कॉपी दुसऱ्याच पाटलांना गेली. दोघांचं नाव एक, आडनाव एक, एक तासगावचे, दुसरे मिरजेचे. मिरजेच्यांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि मेल डिलीट केला म्हणून निभावलं, पण तासगावच्यांना फोन लावून "तुमचे कागद चुकून दुसरीकडे गेलेत" हे सांगताना घशाला कोरड पडली होती ते अजून आठवतं.

त्यानंतर मी ही सुचवण्यांची यादी नक्की कुठून येते ते बसून शिकले. ऑफिसात नवीन कोणी आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला हे दाखवते, तेच इथं लिहितेय. जे नुकतेच मेल वापरायला लागलेत त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे एकदम सुरुवातीपासून.

ही चूक फक्त आपल्यासारख्यांची होते असं समजू नका. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जी-२० परिषद होती, तिथल्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्यानं परिषदेला येणाऱ्या ३१ नेत्यांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर, व्हिसाची माहिती असं सगळं मेल केलं आणि ते जाऊन पडलं एशियन कप फुटबॉल स्पर्धेच्या आयोजन समितीतल्या माणसाकडे. ओबामा, पुतिन, मर्केल, आपले मोदी, सगळ्यांची माहिती त्यात होती. कारण काय तर आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमनं आपणहून भरलेला पत्ता बरोबर आहे का ते बघितलं नाही. २०१५ च्या मार्चमध्ये ही बातमी बाहेर आली तेव्हा जगभर गाजली.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

सुचवण्यांची यादी आणि तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉन्टॅक्ट म्हणजे तुम्ही हातानं सेव्ह केलेली माणसं. सुचवण्यांची यादी म्हणजे मेलच्या प्रोग्रॅमनं तुम्ही ज्याला ज्याला मेल पाठवला त्याचा पत्ता तुम्हाला न विचारता लक्षात ठेवलेला असतो ती. प्रोग्रॅम बरोबर की चूक बघत नाही. तुम्ही घाईत जीमेलचं स्पेलिंग चुकवून मेल पाठवला, तो परत आला, तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवला, विषय संपला असं तुम्हाला वाटतं, पण तो चुकीचा पत्तासुद्धा यादीत जाऊन बसलेला असतो आणि पुढच्या वेळी बरोबरच्या पत्त्याशेजारी उभा राहतो. दिसायला दोन्ही सारखेच, एका अक्षराचा फरक. आणि दर वेळी मेल परत येतोच असंही नाही, त्या चुकीच्या स्पेलिंगचं डोमेन, म्हणजे ॲट च्या पुढचं नाव, कोणी विकत घेऊन ठेवलं असेल तर मेल तिकडे आरामात पोचतो. अमेरिकन सैन्याचे मेल शेवटी 'डॉट मिल' लिहायचं तिथं एक अक्षर गळून माली देशाच्या 'डॉट एमएल' वर जात होते हे २०२३ साली उघडकीला आलंच होतं.

म्हणून कॉन्टॅक्टमधून माणूस काढून टाकला तरी टू मध्ये त्याचं नाव येतच राहतं आणि लोक वैतागतात, "मी तर डिलीट केलं होतं". डिलीट केलं ते बरोबरच, फक्त दुसऱ्या ठिकाणचं केलं.

आता तुम्ही मेल कशात बघता ते आधी ओळखा. ब्राउझर उघडून जीमेल बघत असाल तर जीमेलचा भाग वाचा. कॉम्प्युटरवर वेगळा प्रोग्रॅम असेल, निळ्या पाकिटाचा आउटलुक किंवा निळ्या पक्ष्याचा थंडरबर्ड, तर तो भाग. आणि एक लक्षात ठेवा, आयडी जीमेलचा असला तरी तो आउटलुकमध्ये लावलेला असेल तर आउटलुक स्वतःची यादी ठेवतो, त्यामुळे एकीकडे साफ केलं म्हणजे दुसरीकडे झालं असं होत नाही. आमच्या ऑफिसात हाच घोटाळा सगळ्यात जास्त होतो.

मेनूतले शब्द मी इंग्रजी मेनूप्रमाणे सांगतेय. तुम्ही मराठी मेनू लावला असेल तर शब्द वेगळे दिसतील, जागा त्याच.

जीमेल

जीमेल ज्याला तुम्ही मेल पाठवता त्याला 'अदर कॉन्टॅक्ट्स' नावाच्या कप्प्यात टाकतो. हा कप्पा बहुतेकांनी उघडून कधी बघितलेलाच नसतो. आमच्या एका क्लायंटच्या कप्प्यात बाराशेच्या वर पत्ते निघाले होते, त्यात दहा वर्षांपूर्वी ज्याच्याकडून जुनी गाडी घेतली तो माणूससुद्धा.

१. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. वर उजव्या कोपऱ्यात नऊ ठिपक्यांचा चौकोन असतो, तो दाबला की गूगलच्या बाकीच्या सोयी दिसतात, त्यातलं 'कॉन्टॅक्ट्स' घ्या.

२. काही काढायच्या आधी कॉपी करून ठेवा, हे मी हट्टानं सांगते. डावीकडे किंवा वरच्या बाजूला 'एक्सपोर्ट' आहे, त्यातून सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) उतरवून घ्या आणि तारीख घालून ठेवून द्या. मिनिटभराचं काम आहे.

३. आता डावीकडच्या पट्टीत 'अदर कॉन्टॅक्ट्स' दाबा. मोठी यादी येईल. घाबरू नका, एका बैठकीत सगळी संपवायची नाहीये.

४. जो माणूस खरंच कामाचा आहे त्याच्या ओळीवर माउस नेला की शेवटी माणसाच्या आकृतीबरोबर अधिकचं चिन्ह असलेलं बटण दिसतं, त्यानं तो खऱ्या कॉन्टॅक्टमध्ये जातो. जो नको त्याच्या ओळीच्या शेवटी तीन टिंबं असतात, ती दाबून डिलीट. खूप असतील तर ओळीच्या सुरुवातीच्या गोल चित्रावर माउस नेला की टिक करायचा चौकोन येतो, असे दहावीस टिक करा आणि वरच्या तीन टिंबांतून एकदम डिलीट करा.

५. जीमेलच्या पानावर परत येऊन पान रिफ्रेश करा आणि मग टू मध्ये टाइप करून बघा. लगेच फरक दिसला नाही तर थोडा वेळ जाऊ द्या, आधीच उघडं असलेलं पान जुनीच यादी धरून बसतं.

डिलीट केलेले कॉन्टॅक्ट ३० दिवस तिथल्याच 'ट्रॅश' मध्ये राहतात, चुकून भलताच गेला तर तिथून परत घेता येतो.

आता ही साठवणूकच बंद करायची असेल तर तीही सोय आहे. जीमेलमध्ये वरचं गिअरचं चिन्ह, मग 'सी ऑल सेटिंग्ज', पहिलाच टॅब 'जनरल', तो खाली सरकवत न्या, 'क्रिएट कॉन्टॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट' असं सापडेल. त्यात 'आय विल ॲड कॉन्टॅक्ट्स मायसेल्फ' निवडा आणि पार तळाला जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबा. हे तळाचं बटण लोक हमखास विसरतात, आणि मग सेटिंग लागलंच नाही म्हणतात.

हे बंद करावं का? घरगुती वापर असेल, महिन्याला पाचदहा मेल जात असतील तर असू द्या चालू, त्यात सोयच आहे. पण जे दुसऱ्यांचे कागद हाताळतात, म्हणजे अकाउंटंट, वकील, डॉक्टरांकडची रिसेप्शनवरची मुलं, सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेचे क्लार्क, त्यांनी बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. थोडा त्रास होतो, नवीन माणूस हातानं सेव्ह करावा लागतो, पण मग टू मध्ये जे नाव येतं ते तुम्ही स्वतः बघून ठेवलेलं असतं. एक सांगते, बंद केल्यावर नवीन पत्ते साठायचे थांबतात, जुने तसेच राहतात, ते वर सांगितल्याप्रमाणे काढावेच लागतात.

कंपनीनं किंवा कॉलेजनं दिलेला गूगलचा आयडी असेल तर तिथले सगळे सहकारीही सुचवण्यांत येतात, ती नावं संस्थेच्या डिरेक्टरीतून येतात आणि ती तुम्हाला काढता येणार नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

आउटलुक

ऑफिसांमधला जुना, क्लासिक आउटलुक आधी घेऊ, कारण घोटाळे जास्त तिथंच होतात.

एखादंच नाव काढायचं असेल तर अगदी सोपं आहे. नवीन मेल उघडा, टू मध्ये त्या नावाची पहिली अक्षरं टाइप करा, यादी खाली आली की त्या नावाच्या उजव्या टोकाला फुलीचं चिन्ह दिसेल, ती दाबा, गेलं. माउस नको असेल तर खालच्या बाणाच्या कीनं त्या नावावर या आणि डिलीट दाबा. नवीन आउटलुकमध्ये आणि ब्राउझरमधल्या आउटलुकमध्येही अशीच नावाशेजारची फुली असते.

सगळी यादी पुसायचं बटणही क्लासिकमध्ये आहे: 'फाइल', 'ऑप्शन्स', 'मेल', तिथं 'सेंड मेसेजेस' या भागात 'एम्प्टी ऑटो-कम्प्लीट लिस्ट'. त्याच्याच शेजारी यादी वापरायचीच नाही असं ठरवायची टिकसुद्धा आहे, 'यूज ऑटो-कम्प्लीट लिस्ट' ने सुरू होणारी, ती काढली की सुचवणं बंद. आता हे पुसायचं बटण दाबायच्या आधी दोनदा विचार करा. आमच्याकडे एका नवीन मुलानं ते नीट न वाचता दाबलं आणि त्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या मॅडमना कोणाचाच आयडी सापडेना, कारण त्यांनी एकही कॉन्टॅक्ट सेव्ह केलेला नव्हता, त्यांची सगळी भिस्त त्या यादीवरच होती. मग दोन दिवस सेंटच्या फोल्डरमधून एकेक मेल उघडून पत्ते गोळा केले. परत आणायचं साधं बटण नाही. म्हणून आधी कामाची माणसं कॉन्टॅक्टमध्ये घ्या: सेंटमधला मेल उघडा, वरच्या नावावर राइट क्लिक करा, 'ॲड टू आउटलुक कॉन्टॅक्ट्स', नाव तपासा, सेव्ह. वीसपंचवीस माणसं झाली की मग पुसा, किंवा पुसूच नका, एकेक काढा. मी एकेकच काढते.

ही यादी २००७ पर्यंतच्या आउटलुकमध्ये एनके२ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असायची, ती नवीन कॉम्प्युटरवर कॉपी करता यायची. २०१० पासून ती मेलबॉक्सच्या आतच लपवून ठेवलेली असते, त्यामुळे इंटरनेटवरचे जुने उपाय वाचून एनके२ फाइल शोधत बसलात तर ती सापडणार नाही. आणि यादीला मर्यादाही आहे, क्लासिक आउटलुक साधारण १००० नावं धरतो, पुढं नवीन आलं की कमी वापरलेलं जुनं बाहेर पडतं. त्यामुळे वर्षातून एकदाच ज्यांना मेल जातो ते लोक अचानक यादीतून गायब झालेले दिसतात, त्यात बिघाड काही नाही.

आणखी एक गोष्ट, जी समजायला मला खूप वेळ लागला. मोठ्या कंपनीत काम करणाऱ्यांना कधी कधी असं होतं की नाव बरोबर, माणूस त्याच ऑफिसात दोन टेबलं सोडून बसलेला, तरी मेल परत येतो आणि परतीच्या मेलमध्ये 'आयएमसीईएईएक्स' ने सुरू होणारी लांबलचक अगम्य ओळ असते. कारण असं की एकाच संस्थेतल्या माणसाच्या बाबतीत आउटलुक यादीत साधा मेल आयडी नाही, आतला एक वेगळाच पत्ता लक्षात ठेवतो. त्या माणसाचा मेलबॉक्स मोडून नवा केला, म्हणजे समजा तो नोकरी सोडून परत आला, की आतला पत्ता बदलतो आणि तुमच्या यादीतला जुना मेलेला राहतो. उपाय वरचाच, टू मध्ये नाव टाइप करून फुली दाबा, आणि मग ॲड्रेस बुकमधून तोच माणूस नव्यानं निवडा. मेल परत आला की त्याच मेलला पुन्हापुन्हा सेंड मारू नका, जाणार नाही.

थंडरबर्ड

मला स्वतःला हा सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथं काही लपवलेलं नाही. थंडरबर्डमध्ये सुरुवातीपासून दोन ॲड्रेस बुक असतात, एक 'पर्सनल ॲड्रेस बुक' आणि दुसरं 'कलेक्टेड ॲड्रेसेस'. तुम्ही ज्यांना मेल पाठवता ते आपोआप दुसऱ्यात जातात. कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ॲड्रेस बुक उघडतं, डावीकडे 'कलेक्टेड ॲड्रेसेस' वर क्लिक करा, यादी समोर. नको तो निवडून डिलीट. बरेच असतील तर कंट्रोल दाबून धरून एकेकावर क्लिक करत जा आणि एकदम काढा. कामाचा असेल तो ओढून 'पर्सनल' वर नेऊन सोडा. इथं जीमेलसारखी कचरापेटी नाही, गेलं ते गेलं, त्यामुळे आधी त्या बुकाच्या नावावर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करून घ्या.

साठवणूक थांबवायची असेल तर सेटिंग्जमध्ये 'कम्पोझिशन', त्यात खाली 'ॲड्रेसिंग', तिथं 'ऑटोमॅटिकली ॲड आउटगोइंग ईमेल ॲड्रेसेस' ची टिक काढा. मी टिक ठेवलीय, पण महिन्याला एकदा तो कप्पा रिकामा करते, धान्य चाळल्यासारखं, कामाचे वेचून पर्सनलमध्ये आणि बाकीचे बाहेर.

थंडरबर्ड सुचवताना तुम्ही कोणाला जास्त वेळा मेल पाठवता ते मोजतो आणि त्याला वर दाखवतो. म्हणजे मिरजेच्या पाटलांना जास्त मेल जात असतील तर तासगावचे कायम खाली. यावर उपाय म्हणजे कॉन्टॅक्टमधला टोपणनावाचा रकाना, 'निकनेम'. तासगावच्यांना मी तिथं 'तासप' असं इंग्रजी अक्षरांत घालून ठेवलंय, टू मध्ये ते टाइप केलं की तेच पहिले येतात. ज्या दहाबारा लोकांना रोज मेल जातो त्यांना असं छोटं टोपणनाव द्या, हात आपोआप सरावतो.

आयफोन, मॅक आणि बाकीचे

आयफोनच्या मेल ॲपमध्ये टू मध्ये टाइप केलं की जी नावं 'रिसेंट' मधून येतात त्यांच्या शेजारी गोलातला छोटा 'आय' असतो, तो दाबून 'रिमूव्ह फ्रॉम रिसेंट्स'. मॅकवर मेल उघडून वरच्या 'विंडो' मेनूत 'प्रीव्हियस रेसिपियंट्स' घ्या, सगळी यादी एका खिडकीत येते, निवडा आणि 'रिमूव्ह फ्रॉम लिस्ट'. दोन्हीकडे 'मार्क ॲड्रेसेस' नावाची एक छान सोय आहे, त्यात तुमच्या ऑफिसचं डोमेन घालून ठेवलं की बाहेरचा पत्ता टू मध्ये आला तर तो वेगळ्या रंगात दिसतो. ऑफिसचा मेल फोनवरून पाठवणाऱ्यांनी ती नक्की लावा.

अँड्रॉइडवर जीमेल ॲप फोनच्या कॉन्टॅक्टमधलेही मेल आयडी दाखवतं, त्यामुळे जीमेलमध्ये सगळं साफ करूनही एखादं भूत उरलं तर फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये त्या माणसाच्या कार्डात जुना आयडी आहे का बघा.

आणि हो, कधी कधी सुचवणारा मेलचा प्रोग्रॅम नसतोच, ब्राउझर असतो. म्हणजे रेल्वेच्या साइटवर किंवा कुठला फॉर्म भरताना ईमेलच्या रकान्यात जुने आयडी उगवतात, ते क्रोमनं ठेवलेले असतात, जीमेलचा संबंध नाही. ते काढायला बाणानं त्या आयडीवर जा आणि शिफ्ट दाबून धरून डिलीट. सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात फॉर्म भरला असेल तर निघण्याआधी हे जरूर करा, तुमच्या मागून येणाऱ्याला तुमचा आयडी दिसायचं कारण नाही.

कोण काढायचं, कोण ठेवायचं

पहिल्यांदा चुकलेली स्पेलिंगं. जीमेल, याहू, हॉटमेल यांच्या नावातलं एखादं अक्षर पुढंमागं झालेलं, डॉट कॉम च्या जागी डॉट को राहिलेलं. ही यादी नजरेखालून घालताना माणसाच्या नावाकडे बघू नका, ॲट च्या पुढचा भाग फक्त वाचत जा, पटापट सापडतात.

मग नोकरी बदललेल्यांचे ऑफिसचे आयडी. माणूस गेला म्हणजे त्याचा आयडी बंद झाला असं नसतं, बऱ्याच ठिकाणी तो मेल त्याच्या जागी आलेल्याकडे किंवा साहेबांकडे वळवलेला असतो. तुम्ही जुन्या मित्राला म्हणून घरचं काहीतरी लिहिता आणि वाचतो तिसराच.

मग 'नो-रिप्लाय' वाले, कुरिअरवाले, एकदाच वापरलेले. हे बिनधास्त काढा.

गेलेल्या माणसांचे आयडी, यावर मी काही सांगणार नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या एका क्लायंटकडे त्यांच्या वडलांचा आयडी अजून पहिला येतो, ते काढू देत नाहीत, मीही परत कधी विचारलं नाही. फक्त त्यांच्या मुलाचा आयडी वेगळ्या नावानं ठेवलाय, म्हणजे मेल चुकणार नाही.

सारख्या नावांचं काय

इतकं साफ केलं तरी दोन सुनील पाटील राहतातच, आणि आमच्या भागात तर राहणारच. विटा-खानापूरकडचे कितीतरी लोक सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायात देशभर पसरलेत, चेन्नईपासून कोलकात्यापर्यंत, त्यांची सगळी कामं आमच्याकडे मेलवरच चालतात, आणि एकाच गावचे, एकाच आडनावाचे, कधी चुलतभाऊच. तिथं कॉन्टॅक्टमध्ये नावाला गाव जोडायचं: 'सुनील पाटील विटा चेन्नई', 'सुनील पाटील तासगाव'. यादीत मेल आयडी वाचायला डोळे चुकतात, गाव वाचायला चुकत नाहीत.

पण इथं एक मोठी सावधगिरी. तुम्ही कॉन्टॅक्टमध्ये जे नाव ठेवता ते मेलबरोबर टू मध्ये जातं, समोरच्याला आणि सीसीमधल्या सगळ्यांना ते दिसू शकतं. म्हणून नावात फक्त गाव, धंदा किंवा कंपनी घाला, 'बाकी येणे' किंवा 'कटकट' असलं काही चुकूनही लिहू नका. ते लिहायचं असेल तर 'नोट्स' चा रकाना आहे, तो मेलबरोबर जात नाही.

दुसरं, नाव देवनागरीत ठेवायचं की इंग्रजीत. मला मनापासून देवनागरी आवडते, पण आउटलुक आणि थंडरबर्डमध्ये इंग्रजी अक्षरं टाइप केली तर देवनागरी नावाशी ती जुळत नाहीत, मग फक्त आयडीवरून शोध होतो. मी नाव देवनागरीत ठेवते आणि टोपणनाव इंग्रजीत. आणि स्पेलिंग: दीपक एका 'आय' चा की दोन 'ई' चा, हे माणसागणिक वेगळं, तुम्ही दोन 'ई' टाइप केले की एका 'आय' वाला यादीत येतच नाही आणि समोर जो दीपक उरतो तोच आपला वाटतो. माझी स्वतःची एक चूक अशीच होता होता राहिली.

जीमेलनंही २००९ मध्ये 'गॉट द राँग बॉब' नावाची सोय काढली होती, तुम्ही नेहमी ज्यांना एकत्र मेल करता त्यांच्यात भलताच बॉब आला की ती विचारायची, हा बॉब नाही ना तो? म्हणजे चुकीचे पाटील तिकडेही आहेतच.

पाठवताना

पत्ता सगळ्यात शेवटी भरा. आधी मजकूर लिहा, फाइल जोडा, ती उघडून बघा, आणि मग टू भरा. टू रिकामा असेल तर चुकून सेंड दाबलं तरी मेल जात नाही. नाव घेतल्यावर त्यावर माउस नेऊन पूर्ण आयडी वाचा, नुसतं नाव वाचू नका.

जीमेलच्या त्याच 'जनरल' टॅबमध्ये 'अनडू सेंड' आहे, तो ५ सेकंदांवर असतो, ३० करा. ३० सेकंद बक्कळ असतात, चूक बहुतेक वेळा सेंड दाबल्या दाबल्याच लक्षात येते. क्लासिक आउटलुकमध्ये 'रूल्स' मधून सगळे मेल दोन मिनिटं उशिरा पाठवायचा नियम लावता येतो. आउटलुकच्या 'रिकॉल' वर मात्र विसंबू नका, तो आपल्याच संस्थेतल्या मेलबॉक्सवर चालतो, जीमेलवर गेलेला मेल त्यानं परत येत नाही. थंडरबर्डमध्ये सेंडऐवजी कंट्रोल, शिफ्ट, एंटर दाबलं तर मेल आउटबॉक्समध्ये थांबतो, जुलैमध्ये मी सगळे असेच थांबवून ठेवते आणि तासाभरानं एकदा नजर टाकून एकदम सोडते.

पॅन, आधार, बँकेचं स्टेटमेंट असलं काही असेल तर पीडीएफला पासवर्ड घाला आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. मेल चुकीच्या घरी गेला तरी कुलूप लागलेलं राहतं.

आणि तरीही चुकलंच तर ज्याला गेला त्याला लगेच फोन करा, मेल नको, फोन. न उघडता डिलीट करा आणि ट्रॅशमधूनही काढा असं नम्रपणे सांगा. मग ज्याचे कागद होते त्याला स्वतः सांगा, त्याला दुसऱ्याकडून कळायच्या आधी. तासगावच्या पाटलांनी माझं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, सांगितलंत ते बरं केलंत." पुढच्या वर्षी त्यांचं रिटर्न आमच्याकडेच आलं.